खुणा कोणाच्या, ताबा कोणाचा?

४ मे हा नेदरलँड्समध्ये युद्धातल्या मृतांच्या स्मरणाचा दिवस. १९७० साली या दिवशी समलिंगी चळवळीतले काही तरुण ॲमस्टरडॅमच्या डाम चौकातल्या राष्ट्रीय स्मारकापाशी फिकट जांभळ्या फुलांचं चक्र वाहायला गेले, तर पोलिसांनी त्यांना पकडून नेलं. नाझींच्या छळछावण्यांत कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवून ज्यांना डांबलं गेलं, त्यांचं नाव राष्ट्राच्या दुखवट्यात घेणं तेव्हा अनेकांना औचित्यभंग वाटत होतं. सतरा वर्षांनी, ५ सप्टेंबर १९८७ रोजी, त्या चौकापासून थोड्याच अंतरावर, वेस्टरकेर्क या जुन्या चर्चच्या शेजारी होमोमॉन्युमेंट उभं राहिलं.

त्यानंतरच्या जवळजवळ चार दशकांत जगातल्या कितीतरी शहरांनी आपल्या एलजीबीटी रहिवाशांसाठी सार्वजनिक जागेत काही ना काही खूण ठेवली आहे. कुठे छावणीतल्या मृतांचं स्मारक, कुठे पुतळा, कुठे पदपथात बसवलेले पितळी फलक, कुठे वस्तीच्या तोंडाशी रंगीत खांब, कुठे नुसतं रंगवलेलं झेब्रा क्रॉसिंग. त्यांतल्या काही खुणा जाळल्या गेल्या, काही सरकारने पुसल्या आणि एक तर ती उभारणाऱ्यांनीच उखडून टाकली. पुतळा, चौकाचं नाव आणि कमान यांवरून गावात काय काय घडू शकतं हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. त्यामुळे मुलूख परका असला तरी या वादातली माणसं त्याला ओळखीची वाटतील.

वाद आज कुठे येऊन ठेपला आहे, हे पाहण्यापूर्वी एक नोंद. समुदाय एका बाजूला आणि त्याचे विरोधक दुसऱ्या बाजूला, अशी या वादाची सरळ मांडणी केली जाते. तसे प्रसंग आहेतच. पण जी भांडणं वर्षानुवर्षं रेंगाळली, त्यांतली बरीचशी समुदायाच्या आतलीच आहेत.

आधी दुखवटा

जर्मन दंडसंहितेतलं कलम १७५ हे १८७१ सालचं. पुरुषांमधला शरीरसंबंध हा त्याखाली गुन्हा होता. नाझींनी १९३५ मध्ये ते आणखी कडक केलं. त्यांच्या राजवटीत सुमारे ५०,००० जणांना या कलमाखाली शिक्षा झाल्या आणि ५,००० ते १५,००० जणांची रवानगी छळछावण्यांत झाली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. युद्ध संपलं, छावण्या उघडल्या, पण पश्चिम जर्मनीत नाझींच्या काळातलं कलम १९६९ पर्यंत जसंच्या तसं राहिलं आणि पुरतं रद्द व्हायला १९९४ साल उजाडलं. छावणीतून जिवंत बाहेर आलेला माणूस कायद्याच्या लेखी गुन्हेगारच राहिला. त्याला नुकसानभरपाई नव्हती, मग स्मारक कुठलं असणार?

त्यामुळे पहिल्या खुणा दुखवट्याच्या होत्या, आणि त्यासुद्धा झगडून मिळवाव्या लागल्या. ऑस्ट्रियातल्या माउटहाउजेन छावणीत १९८४ मध्ये गुलाबी ग्रॅनाइटचा त्रिकोणी फलक बसला. अशा प्रकारच्या अगदी सुरुवातीच्या फलकांपैकी हा एक. डाखाउ छावणीसाठीही त्याच सुमारास फलक मागितला गेला, पण कैद्यांच्या संघटना आणि प्रशासन यांच्या नाराजीमुळे त्याला स्मृतिस्थळाच्या मुख्य दालनात जागा मिळायला १९९५ उजाडलं. तोवर तो आवारातल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या आश्रयाला होता.

ॲमस्टरडॅमचं स्मारक या परंपरेतलंच, पण त्याने एक पाऊल पुढे टाकलं. कारिन डान या शिल्पकार स्त्रीने गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण योजले. प्रत्येकाची बाजू दहा मीटर, आणि तिन्ही मिळून एक मोठा त्रिकोण होतो. एक त्रिकोण पायऱ्यांनी कालव्याच्या पाण्यात उतरतो, दुसरा रस्त्याच्या पातळीला सपाट आहे, तिसरा गुडघ्याएवढा उंच ओटा आहे. एकाचं टोक डाम चौकाकडे, एकाचं ॲन फ्रँकच्या घराकडे आणि एकाचं सीओसी या १९४६ मध्ये स्थापन झालेल्या समलिंगी संघटनेच्या त्या वेळच्या कार्यालयाकडे रोखलेलं. सपाट त्रिकोणावर याकोब इस्राएल द हान या ज्यू कवीची एक ओळ कोरली आहे. पैसा देणग्यांतून आला, सरकारी मदतही मिळाली.

या मांडणीत एक सोय आपोआप झाली. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर लोक फुलं ठेवतात, ओट्यावर पाय सोडून बसतात, आणि राजाच्या वाढदिवसाला किंवा प्राइडच्या आठवड्यात तिथेच गाणीबजावणी चालते. शेजारी माहितीपत्रकं आणि झेंडे विकणारी एक टपरीही आहे. स्मारकावर नाचणं हा मृतांचा अपमान, असं म्हणणारे तेव्हा होते आणि आजही आहेत. माझ्या मते हे स्मारक टिकलं ते याच वापरामुळे. जी जागा लोक आठवड्यातून दोनदा वापरतात, तिच्यावर हात टाकणं अवघड जातं.

उत्सवाची बाजू आणि एक तप

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या टोकापासून सुरू झाली. २८ जून १९६९च्या पहाटे न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांची धाड पडली. अशा धाडी नेहमीच्या होत्या, त्या रात्री मात्र लोक मागे हटले नाहीत आणि चकमकी पुढचे काही दिवस चालल्या. प्राइड मोर्चे जून महिन्यात निघतात ते यामुळे. म्हणजे इथे स्मरण होतं ते प्रतिकाराचं.

दशकपूर्तीच्या निमित्ताने १९७९ मध्ये क्लीव्हलँडच्या एका निधीने शिल्पकार जॉर्ज सेगल यांना काम दिलं. शिल्पात पुरुष आणि स्त्रिया सारख्याच असाव्यात आणि त्यांच्यातली माया दिसावी, अशी देणगीदारांची अपेक्षा होती. सेगल यांनी उभी पुरुषांची जोडी आणि बाकावर बसलेली स्त्रियांची जोडी घडवली. माणसाच्या अंगावरून साचा घ्यायचा आणि आकृती पांढरीशुभ्र ठेवायची, ही त्यांची ठरलेली पद्धत. ब्राँझच्या या चार आकृतीही पांढऱ्या रंगवल्या गेल्या.

शिल्प १९८० मध्ये तयार झालं, ते स्टोनवॉलसमोरच्या क्रिस्टोफर पार्कमध्ये बसलं २३ जून १९९२ रोजी. मधल्या बारा वर्षांत रहिवाशांच्या सभा झाल्या. बाग एवढीशी, गर्दी वाढेल, झाडं जातील, असे आक्षेप होते. त्यामागे समलिंगी माणसांचं शिल्पच नको ही भावना किती होती, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या परीने मांडला. चळवळीतून वेगळाच सवाल आला: सेगल स्वतः समलिंगी नाहीत, मग हे काम त्यांना का? या काळात शिल्पाची एक प्रत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८४ मध्ये बसली आणि तिच्यावर हातोड्याने घाव पडले. दुसरी काही वर्षं विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात पाहुणी म्हणून राहिली.

पुढचा प्रवास वेगाने झाला. स्टोनवॉलचा परिसर १९९९ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आला, आणि २४ जून २०१६ रोजी अध्यक्ष ओबामांनी तो राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. बार, बाग आणि आजूबाजूचे रस्ते मिळून सुमारे साडेसात एकरांचा हा पट्टा.

चेहरा कोणाला द्यायचा

खरं भांडण याच प्रश्नावर आहे, आणि ते सर्वांत समृद्धही आहे.

ऑगस्ट २०१५ मध्ये काही कार्यकर्त्यांनी सेगलच्या पुतळ्यांचे चेहरे तपकिरी रंगवले आणि त्यांना विग घातले. स्टोनवॉलच्या रात्री आणि त्यानंतरच्या चळवळीत मार्शा पी. जॉन्सन आणि सिल्व्हिया रिव्हेरा यांच्यासारख्या कृष्णवर्णीय आणि लॅटिना पारलिंगी स्त्रिया पुढे होत्या, मग स्मारकात चार गोरे कसे, असा त्यांचा प्रश्न. सेगलची बाजू घेणारे म्हणतात की पांढरा रंग हा वंशाचा नाही, शिल्पकाराच्या शैलीचा आहे, त्याच्या सगळ्याच आकृती तशा आहेत. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत. अडचण एवढीच की बागेत येणारा माणूस शैलीचा इतिहास वाचून येत नाही. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये जॉन्सन आणि रिव्हेरा यांच्या स्मारकाची घोषणा केली. ते रेंगाळल्यावर कार्यकर्त्यांनी २०२१ मध्ये जॉन्सन यांचा अर्धपुतळा स्वतःच आणून बागेत ठेवला.

बर्लिनमधला वाद याहून गुंतागुंतीचा. जर्मन संसदेने २००३ मध्ये नाझी राजवटीत छळ झालेल्या समलिंगींच्या स्मारकाला मंजुरी दिली आणि २७ मे २००८ रोजी टियरगार्टन उद्यानात ते खुलं झालं. मायकेल एल्मग्रीन आणि इंगार ड्रॅगसेट या कलावंतांनी काँक्रीटचा एक कललेला ठोकळा उभा केला. त्याला एक छोटी खिडकी आहे, आत डोकावलं की दोन पुरुषांच्या चुंबनाची फिल्म दिसते. काम सुरू होण्याआधीच, २००६ मध्ये, ॲलिस श्वार्झर यांच्या 'एमा' या स्त्रीवादी नियतकालिकाने आक्षेप घेतला: यात लेस्बियन स्त्रिया कुठे आहेत? शेवटी तडजोड झाली, ठरावीक काळाने फिल्म बदलायची आणि त्यात स्त्रियांनाही जागा द्यायची.

इतिहासकारांपैकी काहींना ही तडजोड पटली नाही. कलम १७५ फक्त पुरुषांना लागू होतं. लेस्बियन म्हणून स्त्रियांना पद्धतशीरपणे छावण्यांत धाडलं गेल्याचा तसा पुरावा नाही, मग स्मारकाने न घडलेली गोष्ट का सांगावी? उलट बाजू म्हणते की स्त्रियांना 'असामाजिक' अशा दुसऱ्याच नावाखाली पकडलं जात होतं, त्यांचे बार आणि नियतकालिकं बंद पडली, त्या दडून जगल्या. कायद्याच्या कलमात नाव नव्हतं म्हणून छळच झाला नाही असं कसं? हाच वाद राव्हेन्सब्र्युक या स्त्रियांच्या छावणीत पुन्हा उभा राहिला. तिथे लेस्बियन कैद्यांच्या स्मरणार्थ एक गोलाकार शिल्प ठेवायला कित्येक वर्षं नकार मिळत गेला आणि अखेर मे २०२२ मध्ये ते अधिकृतपणे बसलं. स्मारकाने इतिहासाच्या पुराव्याला बांधील राहायचं की आजच्या समुदायाच्या गरजेला, हा प्रश्न इथे जितका उघडा पडला तितका दुसरीकडे क्वचितच पडला असेल. त्याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही.

टोरांटोची कहाणी तर एखाद्या लघुकादंबरीची. अलेक्झांडर वुड हा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा स्कॉटिश व्यापारी आणि न्यायदंडाधिकारी. १८१० मध्ये बलात्काराच्या एका तक्रारीचा तपास करताना, हल्लेखोराला ओरखडा उठला असेल या सबबीवर त्याने संशयित तरुणांच्या गुप्तांगांची तपासणी स्वतः केली. गावभर टवाळी झाली, वुड काही काळ स्कॉटलंडला निघून गेला आणि मग परतला. त्याची जमीन पुढे शहराच्या गे वस्तीचा भाग झाली. त्याला शहराचा आद्य समलिंगी नागरिक मानून स्थानिक व्यापारी संघटनेने २००५ मध्ये त्याचा पुतळा उभारला. तो खरोखर समलिंगी होता की नाही, हे कागदोपत्री सिद्ध करता येत नाही. मूळ कॅनेडियन लोकांना 'सुसंस्कृत' करून ख्रिस्ती करू पाहणाऱ्या संस्थेशी असलेला त्याचा संबंध मात्र कागदावर आहे. २०२१ मध्ये मूळ रहिवाशांच्या मुलांना ठेवलेल्या निवासी शाळांमधल्या दफनांचा विषय कॅनडात पेटला, तेव्हा हा संबंध पुढे आला. एप्रिल २०२२ मध्ये पुतळा हटवला, आणि तो हटवण्याची मागणी त्याच व्यापारी संघटनेची होती. एका वगळलेल्या समाजाचा पूर्वज दुसऱ्या वगळलेल्या समाजाच्या दुःखात सामील निघाला, तर काय करायचं? टोरांटोने आपल्यापुरतं उत्तर दिलं. तेच उत्तर सगळीकडे लागू पडेल असं नाही.

त्यामानाने मँचेस्टरचा ॲलन ट्युरिंग निर्विवाद ठरला. २३ जून २००१ रोजी सॅकव्हिल गार्डन्समध्ये बसलेला हा पुतळा बाकावर आहे, हातात सफरचंद आहे. एका बाजूला विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला कॅनाल स्ट्रीटची गे वस्ती. संकेतलिपी फोडणारा गणिती, संगणकशास्त्राचा जनक, १९५२ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरलेला. त्याच्यावर बोट ठेवायला जागा नाही. पण टीकाकार नेमकं तेच सांगतात: असामान्य कामगिरीच्या मोबदल्यात मिळालेला सन्मान हा सामान्य माणसाला मिळालेला सन्मान नव्हे.

या सगळ्यावर तोडगा म्हणून नवी स्मारकं अमूर्ताकडे वळली आहेत. न्यूयॉर्कच्या हडसन नदीकाठी २०१८ मध्ये ॲन्थनी गोइकोलिया यांनी नऊ शिळा वर्तुळात मांडल्या, त्यांतल्या काहींच्या भेगांत काच बसवलेली आहे आणि ऊन पडलं की तिच्यातून रंग फुटतात. शिळेला वंश नाही, लिंग नाही, वादग्रस्त भूतकाळ नाही. मात्र तिच्यावर टेकून बसलेल्याला ती कोणासाठी आहे हे कळेलच असंही नाही.

वस्तीच्या तोंडाशी खांब

स्मारक मृतांचं असतं. जिवंत वस्तीवर नाव घालण्याचा प्रयोग १९९८ मध्ये शिकागोने केला. महापौर रिचर्ड एम. डेली यांच्या कारकिर्दीत नॉर्थ हॅलस्टेड रस्त्यावर, सुमारे ३२ लाख डॉलर खर्चाच्या सुधारणेत, इंद्रधनुषी कडी असलेले उंच खांब उभे राहिले. एखाद्या अमेरिकन शहराने अधिकृतपणे गे वस्ती मान्य करण्याची ही पहिली वेळ मानली जाते. विरोध दोन्हीकडून झाला. घरमालकांना किमती पडण्याची धास्ती, आणि कित्येक समलिंगी रहिवाशांना आपल्यावर वेगळ्या वाड्याचा शिक्का बसण्याची. प्रत्यक्षात घरांच्या किमती पडल्या नाहीत. उलट चढत्या भाड्यामुळे ज्यांच्यासाठी वस्ती होती त्यांनाच ती परवडेनाशी झाली, ही तक्रार आता जवळपास प्रत्येक गे वस्तीतून ऐकू येते. तिथले खांब आता फलकांनी भरले आहेत. २०१२ पासून त्यांवर 'लेगसी वॉक' या नावाने एलजीबीटी इतिहासातल्या व्यक्तींची चरित्रं लागली आहेत.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागात तर खुणांची दाटीच आहे. हार्वी मिल्क या नगरसेवकाच्या नावाचा चौक, १९९७ पासून तिथे फडकणारा भला मोठा झेंडा, गुलाबी त्रिकोणाची बाग, पदपथातले पितळी फलक. पण त्या शहराचा अधिक विचार करण्याजोगा प्रयोग दोन मैलांवर टेंडरलॉइन या गरीब भागात आहे. १९६६ साली, म्हणजे स्टोनवॉलच्या तीन वर्षं आधी, तिथल्या कॉम्प्टन्स कॅफेटेरियात पारलिंगी स्त्रियांनी पोलिसांना तोंड दिलं होतं. त्या परिसराला २०१७ मध्ये पारलिंगी सांस्कृतिक क्षेत्राचा कायदेशीर दर्जा मिळाला आणि अशा क्षेत्रांसाठी शहराच्या हॉटेल करातून पैसा राखून ठेवण्याचा निर्णय मतदारांनी २०१८ मध्ये घेतला. दगडाऐवजी ठराव आणि अंदाजपत्रकातली तरतूद, असं हे स्मारक. पर्यटकाला फोटो काढायला तिथे फार काही नाही.

रंग आणि रस्ता

झेब्रा क्रॉसिंग रंगवणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वेगाने पसरलेला प्रकार, आणि सर्वांत सहज पुसला जाणाराही. सिडनीत फेब्रुवारी २०१३ मध्ये मार्दी ग्रा या समलिंगी समुदायाच्या उत्सवासाठी टेलर स्क्वेअरला इंद्रधनुषी क्रॉसिंग रंगवलं गेलं. लोक रस्त्यात मध्येच थांबून फोटो काढतात, आडवे होतात, हे धोक्याचं आहे, असं सांगून राज्य सरकारने एप्रिलमध्ये ते उखडलं. त्यानंतर लोकांनी रंगीत खडू घेऊन आपापल्या गल्लीत इंद्रधनुष्यं काढली आणि ही टूम ऑस्ट्रेलियाबाहेरही गेली.

ऑर्लँडोत १२ जून २०१६ रोजी पल्स या गे नाइटक्लबमध्ये ४९ माणसं मारली गेली. क्लबपाशी २०१७ मध्ये रंगवलेलं क्रॉसिंग ऑगस्ट २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या वाहतूक खात्याने रातोरात साध्या रंगात रंगवलं. त्याआधी जुलैत केंद्राच्या वाहतूक मंत्र्यांनी राज्यपालांना पत्र लिहून रस्त्यांवर लक्ष विचलित करणारं आणि राजकीय संदेश देणारं काही नको, असं कळवलं होतं. इथेही लोक खडू घेऊन आले.

सुरक्षेचा युक्तिवाद सरसकट बहाणा म्हणून उडवून देता येत नाही. रस्त्यावरची चिन्हं सगळीकडे सारखी असावीत, हा वाहतूक अभियांत्रिकीतला जुना नियम आहे. दुसऱ्या बाजूला, ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रस्त्यावर चित्रं रंगवलेल्या १७ ठिकाणी पादचारी आणि सायकलस्वारांच्या अपघातांचं प्रमाण निम्म्यावर आलेलं आढळलं. हा नमुना छोटा, आणि ती चित्रंही नाना तऱ्हेची. त्यामुळे इंद्रधनुषी पट्ट्यांपुरता निष्कर्ष त्यातून निघत नाही.

वॉर्सॉचं उदाहरण या सगळ्यांपेक्षा विलक्षण. यूलिता वूयचिक या कलावंत स्त्रीने हजारो कृत्रिम फुलांची एक इंद्रधनुषी कमान केली, ती आधी ब्रसेल्सला होती आणि २०१२ मध्ये वॉर्सॉच्या झ्बाविचेला चौकात आली. कमान कोणा एका गटाची नाही, इंद्रधनुष्य सगळ्यांचं, अशी कलावंताची भूमिका होती. विरोधकांना ती मान्य नव्हती. कमान पुन्हा पुन्हा पेटवली गेली, त्यातली सर्वांत गाजलेली आग ११ नोव्हेंबर २०१३ची, स्वातंत्र्यदिनाच्या मोर्चातली. दर वेळी फुलं नव्याने ओवली गेली. ऑगस्ट २०१५ मध्ये कमान काढली तोवर ती पोलंडमधल्या एलजीबीटी समुदायाची सर्वांत ओळखीची खूण झाली होती, आणि तिला हा अर्थ देण्यात जाळणाऱ्यांचा वाटा मोठा होता.

सरकारची वाणी

यांतल्या अमेरिकेतल्या घटनांमागे कायद्याचा एक धागा आहे. सार्वजनिक बागेत कायमचं स्मारक असेल तर ते सरकारचंच बोलणं मानायचं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९च्या प्लेझंट ग्रोव्ह विरुद्ध सम्मम खटल्यात म्हटलं. हा निकाल एलजीबीटी विषयावरचा नव्हता, पण इथे तो दोन्ही बाजूंनी कापतो. एका गटाचं स्मारक मान्य केलं म्हणून शहराला इतर सगळ्यांची मान्य करावी लागत नाहीत. आणि उद्या सरकार बदललं तर त्याची वाणीही बदलू शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टोनवॉल राष्ट्रीय स्मारकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून 'ट्रान्सजेंडर' हा शब्द आणि आद्याक्षरांतला 'टी' गाळला गेला. बाग तीच, पुतळे तेच, मजकूर तेवढा वेगळा.

सरकारी जागेत कोणत्याच समूहाची निशाणी नको, असं मानणाऱ्यांची भूमिका इथेच येते. त्यांच्या मते करदात्यांच्या पैशातल्या जागेने तटस्थ राहावं, नाहीतर प्रत्येक निवडणुकीनंतर भिंती रंगवत बसावं लागेल. याला उत्तर असं की शहरातले सेनापती, राजे आणि पुढारी घोड्यावर बसलेले असताना जागा तटस्थ कधी होती? समुदायातल्या डाव्या गटांचा आक्षेप निराळा: घर, औषधोपचार आणि नोकरी मागणाऱ्यांच्या हाती रंगीत खांब द्यायचे, ही स्वस्तातली सुटका आहे.

आपल्याकडे

भारतात कलम ३७७च्या कक्षेतून प्रौढांमधले संमतीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ला वगळले गेले. त्यामुळे इथे सरकारी यंत्रणांनी उभारलेल्या खुणा थोड्या, आणि त्याही अलीकडच्या. नोएडा मेट्रोने २०२० मध्ये सेक्टर ५० स्थानकाला 'प्राइड' हे नाव दिलं, ते तृतीयपंथीयांना समर्पित केलं आणि तिथे तृतीयपंथी कर्मचारी नेमले. जगभरच्या उदाहरणांशेजारी ठेवलं तर यात एक वेगळेपण आहे: खुणेबरोबर पगारही आला. नोकऱ्या थोड्याच, हे खरं.

पण दिल्ली परिसरातली सर्वांत जुनी खूण मेट्रोची नाही. मेहरौलीच्या बाजारातल्या एका दारामागे हिजडों का खानकाह आहे. ही लोदी काळातली, म्हणजे पंधराव्या शतकातली दफनभूमी. चुना लावलेल्या कबरींच्या या आवाराची देखभाल तुर्कमान गेटचा हिजडा समाज करतो. अंगणात धार्मिक प्रसंगी अन्नदान होतं. कोणत्या समितीने ती उभारली नाही, कोणी उद्घाटन केलं नाही, आणि एवढ्या राजवटी बदलल्या तरी ती त्याच समाजाच्या हाती आहे. सौंदत्तीची यल्लमा, गुजरातेतली बहुचरा माता, तमिळनाडूतलं कूवागम ही ठिकाणंही याच जातीची. महाराष्ट्रातले जोगते सौंदत्तीला जातात ते यात्रेकरू म्हणून, स्मारक पाहायला नव्हे. मात्र या जागा समलिंगी स्त्री-पुरुषांच्या आहेत असं म्हणता येत नाही. त्यांना आजच्या एलजीबीटी इतिहासात ओढून बसवणं योग्य की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

मुंबई-पुण्याच्या खुणा वाटांच्या आहेत. १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' निघालं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाली आणि तिचं केंद्र वाकोल्यात महापालिकेच्या एका जुन्या इमारतीत थाटलं गेलं. मुंबईचा प्राइड मोर्चा २००८ पासून ऑगस्ट क्रांती मैदानावरून निघू लागला, पुण्यात २०११ मध्ये समपथिक ट्रस्टच्या पुढाकाराने पहिला मोर्चा निघाला. 'छोडो भारत'च्या मैदानावर उभं राहून आपली मागणी मांडायची, यात जागेचा अर्थ उसना घेण्याचं कसब आहे. उसनी जागा परत मागितली जाऊ शकते, हे २०२० मध्ये दिसलं. पोलिसांनी मोर्चाला परवानगी नाकारली आणि लोक आझाद मैदानात जमले. (शब्दांत मात्र मराठीने खूण लवकर ठेवली. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्येच रंगभूमीवर आलं होतं.)

जे सुटलेलं नाही

अशा खुणांमुळे समुदायाची सुरक्षितता किंवा लोकांचा दृष्टिकोन बदलतो का, हे मोजणं अवघड आहे. जिथे वातावरण आधीच अनुकूल असतं तिथेच बहुधा खूण उभी राहते, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे वेगळं काढता येत नाही. वॉर्सॉचं उदाहरण उलट दिशेचं आहे, पण ते एकच.

दुसरा प्रश्न क्रमाचा. ॲमस्टरडॅमला स्मारक १९८७ मध्ये आलं आणि विवाहाचा हक्क २००१ मध्ये. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. अशा वेळी खुणेची मागणी करणं म्हणजे पुढचं पाऊल, की हक्काच्या मागणीला फुटलेला फाटा? चळवळीतली माणसं याची दोन्ही उत्तरं देतात.

तिसरा, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न ताब्याचा. उद्घाटनाला कोण आलं याची बातमी होते, देखभालीचा करार कोणाच्या नावे आहे याची होत नाही. क्रॉसिंग ज्या रस्त्यावर असतं तो शहराचा की राज्याचा, पुतळ्याखालची जमीन कोणाची, फलकावरचा मजकूर बदलण्याचा अधिकार कोणाला, या रुक्ष तपशिलांवर गेल्या काही वर्षांतले बहुतेक निकाल लागले. ऑर्लँडोत याची परीक्षा चालू आहे. पल्सचं स्मारक उभारण्यासाठी काढलेली खासगी संस्था गुंडाळली गेली, आणि २०२३ मध्ये शहराने ती मालमत्ता विकत घेऊन काम स्वतःकडे घेतलं. क्रॉसिंग राज्याच्या अखत्यारीतल्या रस्त्यावर होतं. स्मारक उभं राहणार आहे ते शहराच्या जमिनीवर.